घरबसल्या पेपर

ऑनलाइन डिग्रीच्या परीक्षा चालू असताना कॅमेऱ्यातून विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवायचं, हे आमचं काम. दिवसभर लोकांच्या घरात डोकवायचं म्हटल्यावर किस्से साचणारच. सुरुवातीला चहाच्या वेळी आम्ही ते सांगून पोट धरून हसायचो. आता स्क्रीन बघून डोळे इतके चुरचुरतात, की सांगणाराच मध्येच म्हणतो, "जाऊ दे."

*

नारायण पेठेतल्या एक सूनबाई पेपरला बसल्या. मागे आरामखुर्चीत सासरे पेपर वाचत बसलेले. मी माईकवर म्हटलं, "अहो, खोलीत बाहेरचं कोणी चालणार नाही."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "बाहेरच्या तुम्ही आहात!"

*

आमच्यातले सावंत सर निवृत्त प्राध्यापक. आयुष्य वर्गात सुपरव्हिजन करण्यात गेलेलं. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर एक मुलगा बाजूला बघताना दिसला. सर कडाडले, "ए, मान सरळ!"

माईक सगळ्यांसाठी चालू होता. एकजात सगळ्या माना सरळ! एका मुलीच्या मागे आई भाजी निवडत होती, तीसुद्धा ताठ बसली.

*

मार्केट यार्डातले एक कांद्याचे व्यापारी. वडील गेले तेव्हा कॉलेज सुटलं, ते सुटलंच. गाळा सोडून वर्गात बसणं शक्य नाही, म्हणून चाळिशीनंतर ऑनलाइन बी.कॉम. पेपरही गाळ्याच्या माळ्यावर बसून. खाली नुसता गोंगाट.

"काका, तो आवाज बंद करा."

"लिलाव हाय मॅडम. तरास होत आसंल तर हेडफोन काढा तुमी!"

फर्स्ट क्लासमध्ये पास झाले.

*

वाकडला राहणारा, आयटीतला एक मुलगा. पेपर जवळजवळ संपला होता आणि नेट गेलं, मोबाइलवरचंसुद्धा. फोनवर अगदी रडकुंडीला आलेला. "मॅडम, सगळं येत होतं हो मला!"

मी नियमाप्रमाणे म्हटलं, "तक्रार ईमेलवर पाठवा."

तो म्हणाला, "कशावरून पाठवू?"

*

हडपसरच्या एक ताई. वाशीमकडून लग्न होऊन इकडे आलेल्या, स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून शिकलेल्या. डिग्रीचा शेवटचा पेपर संपला. बाकीचे लॉगआउट झाले, ह्या बसूनच.

"ताई, पेपर सबमिट झालाय. काही प्रॉब्लेम आहे का?"

"नाही हो. पेपर सुटल्यावर गेटपाशी सगळे विचारतात ना एकमेकांना, कसा गेला म्हणून? मले कोणी विचारलंच नाही कधी. वर्गातलं कोणी ओळखीचंच नाही."

परीक्षार्थींशी गप्पा मारायला आम्हाला सक्त मनाई. सगळं रेकॉर्ड होतं, शिवाय मॅनेजर मागेच उभा.

शेजारून सावंत सरांनी माझा माईक ओढून घेतला. "काय मग, कसा गेला पेपर?"

ताईंचा चेहरा एकदम खुलला. "बरा गेला सर. पण तिसरा प्रश्न भलताच अवघड होता, नाही?"

सरांनी प्रश्नपत्रिका पाहिलेलीसुद्धा नव्हती.

"तिसरा ना? अहो, सगळ्यांचा तोच राहिला!"