मी त्याच्याकडे न पाहिलेले महिने

सासूबाई चाळीस दिवस राहून टेंभुर्णीला परत निघाल्या, तेव्हा दारात थांबून त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "लेकराकडं एकटक नको पाहू गं. आईचीच नजर लई लवकर लागती." शेतात कापूस वेचणीला बाया मिळत नव्हत्या, त्यांना जाणं भाग होतं. नवरा बियाणे कंपनीत. त्या दिवसांत तो शेतकऱ्यांच्या रानातले बियाण्याचे प्लॉट पाहत गावोगाव फिरायचा, घरी क्वचितच यायचा. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. नवीन जालन्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि सव्वा महिन्याचा मुलगा, असे दोघेच उरलो.

मी एम.एस्सी. झालेली बाई. नजर, तीट, लिंबू-मिरची यांवर मी जन्मभर तोंडसुख घेतलं होतं. पण ही सूचना मात्र जिवापाड पाळली. घरात चिटपाखरू नसलं तरी दूध पाजताना मी त्याच्या तोंडावर ओढणी घ्यायचे. अंघोळ घालताना पाण्याकडे पाहायचे, तेल लावताना त्याच्या पायांकडे. बाकी कशात कसूर नव्हती. दुपटी उन्हात वाळलेली, नखं कापलेली, दूध वेळेवर. शेजारीण आली की म्हणायची, "किती शांत लेकरू आहे, बिलकुल त्रास न्हाई." खरंच नव्हता. तो पंख्याकडे पाहत पडून राहायचा आणि मी भिंतीकडे. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर" सांगताना माझाच आवाज मला परका वाटायचा, कारण दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं.

नवरा फोनवर विचारायचा, "कसे आहात दोघं?" मी म्हणायचे, "मस्त." त्या एका शब्दावर मी दोन महिने काढले.

साडेतीन महिन्यांच्या लसीला त्याला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई वयस्कर, तोंडाने फटकळ. त्या त्याच्यावर वाकून काहीबाही बोलत राहिल्या आणि तो ट्यूबलाइटकडे पाहत राहिला. त्यांनी चुटकी वाजवली, तेव्हा त्याने चुटकीकडे पाहिलं. तोंडाकडे नाही.

"तुमच्याकडं पाहतो का हा?"

"मीच पाहत नाही त्याच्याकडे," मी म्हटलं, आणि वर कौतुकाची अपेक्षा धरून सांगितलं, "नजर लागते ना."

त्या हसल्या नाहीत. केसपेपरवर माझं शिक्षण कुठे लिहिलेलं असतं, पण त्यांनी ते बरोबर ओळखलं असावं. "खरंच मानता तुम्ही हे?" एवढंच विचारलं. मला हो म्हणता आलं नाही. बाहेर बायका लेकरं घेऊन ताटकळत होत्या आणि मी तिथे ढसाढसा रडले. "मला त्याच्याकडे पाहवत नाही," मी म्हटलं. "पाहिलं की काहीच वाटत नाही. त्या काहीच न वाटण्याची भीती वाटते." हे मी तोवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

"हे तुम्ही केलेलं न्हाई, तुम्हाला झालेलं आहे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतर होतं कोणा कोणाला. औषधानं बरं होतं. पण ह्याला थांबता येत न्हाई हो. ह्याच्या डोक्यात रोज नव्या जोडण्या होऊन राह्यल्या. हा आवाज काढतो, कोणी उत्तर देतं, जोडणी पक्की होती. कोणीच उत्तर दिलं न्हाई, तर मंग हा विचारणंच सोडून देतो." त्यांनी मला मनाच्या आजारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि माझ्यासमोरच नवऱ्याला फोन लावला.

तो त्याच दिवशी आला. सासूबाई दुसऱ्या दिवशी, वेचणी अर्धी टाकून. सगळं ऐकल्यावर त्या कपाळाला हात लावून बसल्या. "मी एकटक म्हणले होते गं! अजिबात पाहू नको असं थोडीच म्हणले?" मला हसू आलं आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटली.

गोळ्या सुरू झाल्या. मी रोज त्याला मांडीवर घेऊन तोंड त्याच्यासमोर न्यायचे आणि तो मान फिरवायचा. बरोबरच होतं त्याचं. इतके दिवस कुठे होतीस, असंच जणू तो विचारत होता. माझं हसूही उसनंच होतं. बोलायला काही सुचायचं नाही म्हणून मी त्याला भाजीचं, पाणी कधी येतं त्याचं सांगायचे. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तो "अं" म्हणाला. मीही "अं" म्हटलं. तो थांबला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा "अं". आम्ही किती वेळ असं बोललो कोण जाणे. सासूबाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

आता तो पाच वर्षांचा आहे. पळतो, भांडतो, बडबडून कान किटवतो. त्याच्यात काही कमी नाही, असं डॉक्टरीणबाई दर वेळी सांगतात. मी तरी शोधत असते. एखादा शब्द त्याला चटकन आठवला नाही की मी मनात हिशेब मांडते. त्या महिन्यांमुळे तर नाही? हे विचारायला माझ्याजवळ कोणी नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, सोड ना आता.

परवा दुपारी मी मेथी निवडत बसले होते. गोळ्या कधीच बंद झाल्या, तरी असा एखादा दिवस येतो की हात चालतात आणि मी कुठेच नसते. तो गाड्या खेळत होता. खेळ टाकून आला, माझी हनुवटी हाताने वर केली आणि चेहरा नीट निरखला.

"मम्मी, मी काय केलं न्हाई ना?"

मी "नाही रे राजा" म्हटलं, हसलेही. त्याने ते हसू तपासलं आणि त्याला ते पटलं नाही. इतक्या लहान वयात तो चेहरे वाचायला कुठे शिकला, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग मी खरं तेच सांगितलं. "आज मम्मीचं मन बरं नाही. तुझ्यामुळे नाही."

"मंग मी इथंच बसतो," तो म्हणाला, आणि गाड्या माझ्याजवळ आणून मांडल्या. खालून पोरं त्याला खेळायला हाका मारत होती. तो गेला नाही. आणि मीही त्याला जा म्हणाले नाही.