कोरा मीटर

बारा ऑगस्ट. शाळा सुटल्यावर वर्गातले वीस टॅब ओल्या फडक्याने पुसून चार्जिंगला लावायचे होते. हे काम मी कुणावर सोपवत नाही. मुलं डबा खाऊन त्याच हातांनी गणितं सोडवतात, त्यामुळे काचेवर रोज लोणच्याच्या तेलाचे ठसे असतात.

सुरतच्या मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं शिकवते आहे. टॅब आले तेव्हा सहकारी शिक्षकांनी कपाळाला हात लावला. मी मात्र सुट्टीत भाच्याला समोर बसवून सगळं शिकून घेतलं. एआयला काय हवं ते नीट सांगितलं, तर तो पाच मिनिटांत चाचणी तयार करून देतो, उत्तरं तपासतो आणि कोण कुठे मागे आहे तेही दाखवतो. पन्नाशीत हे जमलं याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

त्या आठवड्यात मी एआयला सांगितलं होतं, "मुलांच्या घरातली उदाहरणं दे." माझ्या वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या घरांतली. वडील लूमवर नाहीतर पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, आणि आया घरबसल्या साड्यांना खडे चिकटवतात. दहापैकी पाच गणितं साड्यांची आली. मला ती फार आवडली. उत्तरांवर नजर फिरवली आणि चाचणी मुलांना दिली.

सहावीतल्या माझ्या सर्वांत हुशार मुलीला दहापैकी चार मिळाले. तिने टॅब उलटा ठेवला आणि शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरणार नाही म्हणाली. फॉर्मची शेवटची तारीख तेरा ऑगस्ट होती. मी तिला दोन दिवस समजावलं, एकदा रागावलेही. तिचं एकच म्हणणं, "मला गणित येत नाही, बाई. टॅबनेच सांगितलं."

बारा तारखेला मी अकरावा टॅब पुसत असताना तिची आई दारात आली. काखेत साड्यांचं गाठोडं, मागे खाली मान घातलेली मुलगी. आईच्या हातात मुलीची कच्ची वही होती. टॅबवर फक्त शेवटचं उत्तर भरायचं असल्याने ती वही मी पाहिलीच नव्हती.

"बाई, हाई चूक कसं?" आईने एका गणितावर बोट ठेवलं. साडी साडेपाच मीटर, काठाला एका मीटरमध्ये चार फुलं, तर एकूण फुलं किती? मुलीचं उत्तर होतं अठरा.

"साडेपाच चोक बावीस होतात, ताई," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग टॅबकडे. "तुमना मोबाइलनी कधी साडी नेसेल शे का?"

मला हसू आलं, पण तिला आलं नाही. तिने गाठोड्यातली एक साडी काढून बाकावर पसरली. काठावर खड्यांची फुलं, पण एका टोकाला मीटरभर काहीच नाही. "कमरमा खोचतस तो भाग कोरा ऱ्हास. तठे खडा लावात तर दिनभर टोचतीन!"

मी स्वतःच्या कमरेकडे पाहिलं. रोज साडी नेसून शाळेत येते, रोज पहिला वेढा कोराच खोचते. एआयला ते ठाऊक नव्हतं, हे समजू शकते. मला ठाऊक होतं.

वही घेऊन पाचही गणितं तपासली. प्रत्येक साडीतून तिने आधी एक मीटर वजा केला होता आणि मग उरलेल्यावर हिशोब मांडला होता. मांडणी स्वच्छ, एकही आकडा घसरलेला नाही. बाकीच्या वर्गाने नुसता गुणाकार केला होता. प्रश्न वाचून डोळ्यांसमोर खरी साडी आणणारी ही एकटीच.

"तुझं बरोबर आहे," मी मुलीला म्हटलं. "प्रश्न अर्धवट होता आणि तो न तपासता मी दिला. चूक माझी."

"पण टॅबने लाल फुली दिली."

"त्याने धरलेलं उत्तर मीच बरोबर म्हणून पुढे पाठवलं होतं."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे मला दहापैकी दहा?"

"नऊ. आठव्या गणितात भागाकार चुकलाय तुझा. तिथे साडीबिडी काही नव्हती."

आई आता हसली. "दिखनं? मास्तरीणबाई सोडाव नही तुले." मग साडीची घडी घालत मुलीला कोपराने ढोसून म्हणाली, "भर तो फॉर्म."

मुलीने पेन्सिल घेतली, आठवं गणित तिथेच उभ्याने पुन्हा केलं आणि वही माझ्यापुढे धरली. बरोबर होतं. "फोटो उद्या आणते, बाई," ती म्हणाली.

त्या दोघी गेल्यावर उरलेले नऊ टॅब पुसले. तेव्हापासून माझ्या वर्गात चाचणी टॅबवर आणि मांडणी वहीत. वही मी पाहते, तपासणीचा वेळ वाचला नाही तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून तिचा फॉर्म भरला. फोटो तीनदा नाकारला गेला, चौथ्यांदा चढला. मग वर्गात जाऊन ती पाच गणितं फळ्यावर लिहिली, घरून आणलेली माझी खड्यांची साडी टेबलावर उलगडली आणि खडू तिच्या हातात दिला.