ठसका बाहेर काढायचा पंखा

फोडणीत मिरची करपली की सोनाळ्यातली आमची मिरचीची चक्की आठवते. चक्कीवर बसणाऱ्या आईचा खोकला थांबेना, म्हणून वडील मला घेऊन मलकापूरला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बघायला गेले. एका दुकानात पंखा स्वस्त, पण भिंत फोडणं, वायरिंग वेगळं. दुसऱ्यात महाग, पण बसवून मिळणार. बराच हिशेब करून दुसरा घेतला. मिस्त्री चक्कीच्या एकमेव मोकळ्या भिंतीवर खूण करत असताना पलीकडच्या अंगणातून शेजारीण आली. “भाऊ, हा ठसका माह्या लेकराच्या पाळण्यावर सोडता काय?” आईनंच खोकत खोकत मिस्त्रीला हातानं थांबवलं. पंखा खोक्यातच राहिला; पुढे त्या बंद खोक्यावर बसून ती दम घ्यायची. आता माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातला तसलाच छोटा पंखा लावला की खालच्या मजल्यावर कुणी खोकतंय का, ते मी ऐकत राहते.