मऊ पेडल आणि चुकलेलं दर्शन

नागनाथाच्या कृपेविषयी सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागते. ती लपवून नुसती कृपा सांगणं मला जमेना, म्हणून इतके दिवस गप्प राहिलो.

औंढ्यात माझं गाड्यांचं छोटं गॅरेज आहे. दर सोमवारी दुपारच्या आत दर्शन घ्यायचं, हा माझा वीस वर्षांचा नेम. त्या सोमवारी डोंगरकडा गावाकडच्या एक नर्सबाई म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या कारच्या पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेक आवळणारे भाग, बदलायचे होते. मी ते बदलले, ब्रेक ऑइल भरलं, ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. तरी पेडल मऊच. पाय ठेवला की पार खाली जाई. पुन्हा हवा काढली, पुन्हा तेच. कारण सापडेना आणि दर्शनाची वेळ टळत चाललेली. बाईंनी गाडी थोडी चालवून पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “दादा, पेडल लई खाली जाऊन राहिलंय.”

मलाही ते कळत होतं. तरी मी म्हणालो, “नवीन सामान हाय ताई. चार दिवस चालवा, बसंल बराबर.” त्यांनी विश्वास ठेवला. मी हात धुऊन देवळाची वाट धरली.

रांगेत माझ्यापुढं एक म्हातारी आणि तिची सून होती. सून तिथल्या टाकीत बाटली उलटी बुडवून भरू पाहत होती आणि ती काही भरत नव्हती. म्हातारी म्हणाली, “तोंड वर कर की. हवा वरूनच निघती.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हवा काढायचं निपल, म्हणजे कॅलिपरवरची बारीक तोटी, वरच्या बाजूला यायला हवं. मी घाईत डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला होता. दोन्ही निपलं खाली गेली होती आणि हवा वर अडकून राहिली होती. बाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. गाभाऱ्याच्या पायऱ्या चार पावलांवर होत्या. त्या तशाच सोडून मी मोटारसायकल काढली.

सात-आठ किलोमीटरवर त्यांची गाडी दिसली, रस्त्याखालच्या नांगरलेल्या शेतात. समोर मेंढरं आडवी आली, पेडल तळाला टेकलं, आणि बाईंनी गाडी रानात घातली. भुसभुशीत मातीत चाकं रुतून ती थांबली होती. मेंढपाळांनी बाईंच्या आईला, आजींना, उचलून बाभळीखाली बसवलं होतं. त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. बाईंनी आपल्या ओढणीनं ते बांधून घेतलं होतं.

मी हात जोडून सगळं कबूल केलं. आजींना दवाखान्यात पोहोचवून मी गाडी ओढून आणली, कॅलिपर अदलाबदल केले, बायकोला पेडल दाबायला बसवून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. तासाभराचं काम होतं ते.

प्लास्टर निघाल्यावर मी आजींना भेटायला गेलो. घरात बुद्धांच्या तसबिरीसमोर ताजी फुलं होती. देवळात ऐकलेल्या त्या बोलण्याची गोष्ट मी भाबडेपणानं त्यांना सांगितली. नागनाथानंच मला सावध केलं, असं म्हणालो. आजींनी ऐकून घेतलं. त्यांची बोटं अजून नीट मिटत नव्हती. मग म्हणाल्या, “असंल लेकरा. पण माझ्या पोरीनं तर तुला आधीच सांगितलं व्हतं.”

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून उठलो.

पुढच्या सोमवारी उशिरा देवळात गेलो. वाकून गाभाऱ्यात उतरलो, पिंडीवर डोकं टेकवलं, पण मागावं असं काही सुचेना. त्या नांगरलेल्या मातीबद्दल आणि आजींच्या जिवाबद्दल तेवढे आभार मानले. शरण जाणं म्हणजे नेमानं पायरी चढणं, असं मी वीस वर्षं समजत आलो. माझ्या हातून चूक होऊ शकते, एवढं समोरच्या माणसाला म्हणता येणं, तिथून ते सुरू होतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हातानं मोजली. आजी आता डाव्या हातानं जेवतात.