अंडी वाचणाऱ्या बाई

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई कट्टर शाकाहारी, पण दर सोमवारी अंड्यांचे चार ट्रे घेऊन रिक्षातून उतरायच्या. "कोंबडा आहे ना रे तुझ्याकडे? नुसत्या कोंबड्यांची नकोत मला," असं पोल्ट्रीवाल्याला भर रस्त्यात बजावायच्या. त्यांना फलित अंडीच लागत. शेजारणी कुजबुजल्या की म्हणत, "खात नाही हो, वाचते."

आणि खरंच वाचत. कवचाला नखाएवढी खिडकी पाडून भिंगातून आत पाहत बसत. तिसऱ्या दिवशी गर्भाचं हृदय म्हणजे एक लाल ठिपका, पण तो धडधडत असतो. पुढच्या काही दिवसांत त्यात भिंती उभ्या राहतात, कप्पे पडतात. एखाद्या अंड्यात भिंत पुरी होत नाही, भोक राहतं. ते का राहतं, या एका प्रश्नात बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली.

शहात्तर साली मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. त्याच्या आदल्या वर्षी माझा पहिला मुलगा गेला होता, तीन महिन्यांचा, हृदयातल्या भोकानंच. दिवस असताना मी रोज एसटीनं ओझरला शिकवायला जायचे. त्या धक्क्यांनीच हे झालं, असं सासूबाई म्हणत आणि मलाही तसंच वाटे. बाईंना विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं. त्या 'हो' म्हणाल्या तर?

बाई तशा तापट. एकदा मी भोक राहिलेल्या हृदयापुढे वहीत 'खराब' असं लिहिलं, तर कडाडल्याच. "खराब काय? टोमॅटो आहे का तो? 'भिंत अपूर्ण' लिही. दिसतं तेवढं लिहावं, दूषण देऊ नये." मी खोडून तसं लिहिलं.

एक्क्याऐंशीच्या सुरुवातीला ओझरहून एक सासू-सून आल्या. सुनेच्या कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी होती, ओठ निळसर. 'हृदयाच्या बाई' अशी कीर्ती ऐकून आलेल्या. बाईंनी सांगितलं, "मी माणसांची डॉक्टर नव्हे. मुंबईला ऑपरेशन करतात, चिठ्ठी देते."

"आपरेशन करू वो," सासू म्हणाली, "पण हिनंच केलं हे. मागल्या साली गिऱ्हाणात इळीवर भाजी चिरली हिनं. लय सांगितलं, ऐकलं नाय."

"ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना होता?" बाईंनी विचारलं.

"पाचवा."

बाईंनी म्हातारीला हात धरून भिंगापाशी बसवलं आणि ठिपक्याची धडधड दाखवली. "आजी, माणसाच्या बाळाच्या या भिंती दुसऱ्या महिन्यातच बांधून होतात. ग्रहण आलं तेव्हा ते भोक राहून गेलेलं होतं."

"मग कशानं झालं?" सून पहिल्यांदाच बोलली.

"माहीत नाही. वीस वर्षं तेच शोधतेय. विळीनं नाही, एवढं नक्की."

म्हातारी बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग "लय बोलले गं मी तुला," म्हणाली आणि नातीला स्वतःच्या कडेवर घेतलं. सून तिथेच खाली बसून रडली.

माझ्या मनातला काटा मात्र निघाला नाही. मी तर पहिल्या महिन्यापासून एसटीनं जात होते. त्या गेल्यावर मी बाईंना म्हटलं, "काहीतरी कारण सांगून टाकायचं होतं, तिला बरं वाटलं असतं." बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "ठोकून दिलेलं कारण शेवटी आईच्याच माथी बसतं. त्यापेक्षा 'माहीत नाही' बरं." तेवढ्यासाठी आपल्या अज्ञानाची कबुली द्यायला त्यांना काहीच वाटत नसे.

शहाऐंशीत बाई निवृत्त झाल्या. कारण सापडलं नव्हतंच. प्रयोगशाळेतलं कपाट आवरताना मी एकदाची सगळं बोलून गेले, एसटीसुद्धा. त्या हातातल्या वह्या खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"त्या गाडीतून दिवस गेलेल्या आणखी किती बायका जात असतील," त्या म्हणाल्या. "त्यांची मुलं खेळतायत ना? मग नाही गं, एसटी नाही." आणि त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलं होतंस?"

अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरात तर तो विषयच निघत नसे.

"सुहास," मी म्हणाले. बाईंनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं.