तारामावशीच्या ओसरीवरची पुस्तकं

तारामावशी गेल्याचं मला इचोड्याच्या बाजारात भाजीवालीनं सांगितलं. मी माहेरी साताऱ्याला जाऊन नुकतीच परतले होते. मला ठाऊकच असेल असं धरून ती सहज म्हणाली, "आता पुड्या कोन बनवन वं?" मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बसले… त्याला आता महिना होऊन गेला. मी सहावीतच शाळा सोडलेली. चार ओळी लिहायच्या तरी तीनदा खोडाखोड होते. पण मावशीबद्दल लिहिलं नाही, तर माझ्या पोरीच्या शाळेची गोष्ट कुणाला कळणारच नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याला हैदराबाद-नागपूर रस्त्यावर टायरच्या दुकानात काम मिळालं, म्हणून आम्ही साताऱ्याहून इथं आंध्रात आलो. मावशी शेजारीण. तरुणपणी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, पुढं रद्दीच्या पुड्या करून किराणा दुकानांना द्यायला लागली. नागपूरकडचे ट्रकवाले तिच्या ओसरीवर रद्दीची पोती टाकून जायचे. पोतं मोकळं केलं की लगेच कात्री नाही, आधी निवड. सुटी पानं पुड्यांसाठी. पुस्तक धड असलं की ते बाजूला. इथल्या शाळेतून पास झालेल्या पोरीही आपली जुनी पुस्तकं तिच्याकडंच आणून द्यायच्या. फाटलेलं खळीनं चिकटवायची, भिजलेलं वाळवून जात्याखाली दाबून ठेवायची. कागदाच्या गिरणीकडं निघालेला बांबूचा ट्रक दिसला की हातातलं काम थांबायचं. तिचं माहेर रानाच्या कडेचं. म्हणायची, "पाय वं, रान चाल्लं. एक बुक चार पोट्ट्यांनी वाचलं त बांबूचं एखादं बेट तरी उभं राहीन ना." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटायचं नाही. मला घोर होता तो सुनीताचा. माझी शाळा पुस्तकांवाचून सुटली होती, तिची सुटू नये, एवढंच.

तेवढ्यासाठी मी एक शहाणपणा केला. इथं मराठी शाळेची पुस्तकं फार उशिरा येतात असं कळलं होतं, म्हणून येतानाच भाच्याचा पाचवीचा संच लुगड्यात गुंडाळून आणला. पुस्तकं मराठी, शाळा मराठी. आणखी काय पाहिजे? पहिल्याच दिवशी गुरुजींनी पान उघडायला सांगितलं आणि सुनीताचा धडा भलताच निघाला. महाराष्ट्राची पुस्तकं वेगळी, आंध्राची वेगळी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्ग हसला, तिच्या बोलण्यालाही हसला. घरी येऊन दप्तर कोपऱ्यात टाकलं, म्हणाली, "आई, मी आता जाणार न्हाई." मीसुद्धा एके दिवशी असंच दप्तर टाकलं होतं, आणि कुणी उचलायला सांगितलं नव्हतं.

मावशीनं दारातूनच सुनीताला विचारलं, "काऊन वं, रडून राह्यली?" मी झालेलं सांगितलं, तर पुस्तकं बघून आधी पोट धरून हसली. "लुगड्यात गुंडाळून आनली? बाप्पा, नवरीवानी!" मग म्हणाली, "असू दे. ह्यातल्या गोष्टी रोज वाचत जाय. शाळेची बुकं मी देतो." आणि तिनं लताला हाक मारली.

दरवर्षी निकालानंतरच्या रविवारी तिच्या ओसरीवर पुस्तकं वाटली जायची, आणि रीत अशी, की पुस्तक नुसतं द्यायचं नाही. ज्या पोरीनं वापरलं तिनं नव्या पोरीजवळ एक दुपार बसायचं. कुठला धडा अवघड, कुठलं गणित चुकतं, कुठलं पान उंदरानं खाल्लंय, ते सांगायचं. लता त्याच वर्षी पाचवी पास झालेली. शेतकऱ्याची पोर, तोंडानं फटकळ. सुनीताला म्हणाली, "तू 'न्हाई न्हाई' काऊन करतं? 'नाई' म्हन." दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी दोघी मिळूनच शाळेत गेल्या. नव्या कोऱ्या पुस्तकांनी माझ्या पोरीला अशी सोबत दिली नसती, हे मी आजही छातीठोक सांगते. पुढं दरवर्षी तिला लताचीच पुस्तकं मिळाली, आणि तिची मागच्या पोरींना.

यंदा सुनीता दहावी पास झाली. मावशीला निकाल कळला नाही, एवढंच राहिलं. निकालानंतरच्या रविवारी ओसरी बंद असेल म्हणून मी खिडकीतूनसुद्धा बघत नव्हते. तर मावशीची सून आली. म्हणाली, "पोट्ट्या येऊन बसल्या जी. मले काई समजत नाई, तुमी चला."

मी खळीची वाटी घेऊन गेले. तामसीहून एक पोरगी बापाबरोबर पहिल्या बसनं आली होती. सुनीतानं पुस्तकांचा गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. बाप उठायला लागला, म्हणाला, "चाल माय, बस सुटन."

"दुसरी भेटन काका," सुनीता म्हणाली. "बसा तुमी. अजून इले भूमिती कुठी सांगतली मी?"

बाप परत बसला. मी फाटलेल्या कव्हराला खळ लावायला घेतली.