बाबागाडीत वरवंटा

बाळंतपणाने मला एक मुलगी दिली आणि पाठीतली एक चकती सरकवून दिली. मुलीचं कौतुक सगळ्यांनी केलं, चकतीचं फक्त डॉक्टरांनी. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली आणि साडीच्या दुकानदाराने ठेवणीतला माल उलगडावा तशा उत्साहाने मला माझाच कणा दाखवला. मग म्हणाले, जड उचलायचं नाही. म्हणजे काय काय, असं विचारलं तर भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर, गव्हाचं पोतं. गव्हाचं पोतं मी जन्मात उचललेलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यावर माझी हरकत नव्हती. मी म्हटलं, आणि मूल? तर म्हणाले, मूल तर अजिबात नाही. आणि घंटी वाजवून पुढचा पेशंट आत घेतला.

मुलगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. अंगाने भरलेली, आणि चालायचं नाव नाही. लोकांची मुलं दहाव्या महिन्यात धावतात म्हणे. आमची बाई बसल्या जागी राज्य करायची. कुठे जायचं असलं की हात वर करायची, आणि जो जवळ असेल तो तिला उचलायचा. नवरा उचले, सासूबाई उचलत, शेजारीण उचले. गॅसवाल्याने सिलिंडर खाली ठेवून तिला उचललेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तेवढी उचलत नव्हते. ती माझ्या मांडीवर यायची ती कुणीतरी आणून ठेवली तर, प्रसाद हातावर ठेवतात तशी, आणि तितकाच वेळ.

मुलं मूर्ख नसतात. थोड्याच दिवसांत तिने माझ्याकडे हात करणं बंद केलं. मी समोर बसलेली असले तरी ती माझ्यावरून नजर फिरवून मागे कोण आहे ते बघायची. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आणि मला वाईट वाटलं की मी रडत नाही, भांडते. त्या दिवसांत मी दूधवाल्याशी, इस्त्रीवाल्याशी आणि ऑफिसातल्या प्रिंटरशी भांडले. एकदा तर त्या सव्वा वर्षाच्या पोरीशी अबोला धरला. तिला तो कळलाही नाही, हा आणखी अपमान.

म्हणून मी बाबागाडी काढली. म्हणजे विषय काढला. उचलता येत नाही तर ढकलता तरी येईल. मला एकटीला, कुणाच्या मदतीशिवाय, माझी मुलगी घेऊन घराबाहेर पडायचं होतं. पण यातलं काहीच मी कुणाला सांगितलं नाही. मी फक्त म्हटलं, फिरायला बरी पडेल.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तीच पद्धत. त्या मूळच्या दुधनीकडच्या. रागावल्या की कानडी, लाडात आल्या की कानडी, आणि मधल्या वेळेत मराठी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ब्याड.” म्हणजे नको. “लेकरू मांडीवर वाडतंय, चाकावर न्हाय.” शिवाय धडधाकट पोर गाडीतून नेली तर लोक विचारणार, पायात काही दोष हाय काय. उद्या लग्नाच्या वेळी कुणाला तरी आठवेल. सव्वा वर्षाच्या मुलीच्या लग्नात बाबागाडी आडवी येईल हे मला खरंच सुचलं नव्हतं.

नवऱ्याने बाजू घेतली ती त्याच्या पद्धतीने, म्हणजे मोबाइल घेऊन. दोन आठवडे तो बाबागाड्यांचे व्हिडिओ बघत होता. चार चाकी, तीन चाकी, घडीची, बिनघडीची. शेवटी त्याचा जीव तीन चाकीवर जडला. मोठी, हवेची चाकं, आणि पुढचं एक चाक सगळीकडे फिरणारं. व्हिडिओत एक पिवळ्या केसांचा माणूस ती गाडी ढकलत समुद्राकाठी पळत होता. माझा नवरा सुटणाऱ्या एसटीमागेही पळत नाही, आणि आमच्याकडे समुद्र म्हणजे फुटलेल्या पाइपलाइनचं पाणी. पण त्याचा मुद्दा बरोबर होता. छोट्या चाकांच्या गाड्या मॉलच्या फरशीसाठी. आमचा रस्ता आधी पाण्यासाठी खणला, मग ड्रेनेजसाठी खणला, आणि आता सवय म्हणून खणतात.

आत्या म्हणाल्या, तीन तिगाडा, काम बिगाडा. नवरा म्हणाला, मग रिक्षात कशी बसतेस? अख्खं सोलापूर तीन चाकांवर चाललंय. त्या म्हणाल्या, रिक्षात मी देवाचं नाव घेऊन बसते. आणि तीन चाकं असतात ती पांगुळगाड्याला, त्यात लेकरू बसत नाही, धरून चालतं. आणायचाच तर तो आणा, पोर चालायला तरी लागेल. हा मुद्दा इतका पटण्यासारखा होता की मी ताबडतोब स्वयंपाकघरात निघून गेले.

तरी शेवटी त्या तयार झाल्या, एका अटीवर. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, तशी रिकामी गाडी ढकलायची नाही. आणि नव्या गाडीत पहिल्यांदा मूल बसवायचं नाही. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, तसा इथेही घालायचा. मी हो म्हटलं. मला वाटलं, घरी आल्यावर.

नवी पेठेतल्या दुकानात पोचलो तेव्हा आत्यांच्या खांद्याला पिशवी होती आणि त्या एका बाजूला कलल्या होत्या. मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेली. दुकानदाराने हौसेने एक गाडी काढली आणि ढकलून दाखवणार तोच आत्यांनी त्याचा हात धरला. मग पिशवीतून आमच्या घरचा वरवंटा काढला. मुलीची जुनी कुंची घातलेला, टोकाला हळदकुंकू लावलेला. तो त्यांनी सीटवर निजवला आणि दुकानदाराला म्हणाल्या, पट्टा लाव.

तो बिचारा बघतच राहिला. “मावशी, बाळ कुठाय?”

“हेच हाय की. बारशाला हेच असतंय.”

त्याने पट्टा लावला. गिऱ्हाईक म्हणजे देव, असं त्याच्या गल्ल्यामागे लिहिलेलं होतं. आज देव प्रत्यक्ष दगडाच्या रूपात आला होता. त्याने पट्टे ओढून ओढून वरवंट्याच्या मापाचे केले आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताच्या पंख्याकडे बघत होता.

चार चाकी गाड्या उंबऱ्यावरच नापास झाल्या. चाक अडलं की वरवंटा आत आदळायचा आणि आत्या “अगं बाई” म्हणून त्याला थोपटायच्या. मग आली तीन चाकी. ती उंबरा ओलांडून, पायरी उतरून, गटारावरच्या फरशीवरून अशी गेली की कुंचीची गोंड्याची दोरीसुद्धा हलली नाही. आत्या तिला थेट रस्त्यावर घेऊन गेल्या. भर बाजारात त्या वरवंटा फिरवत होत्या आणि मी दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. एक बाई कौतुकाने वाकल्या, बाळाचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला.

“झोपलंय,” आत्यांनी त्यांना शांतपणे सांगितलं.

परत आल्यावर त्या म्हणाल्या, हीच घ्या, लेकराला धक्का लागत न्हाय. आणि आम्ही घेतली. खऱ्या मुलीला एकदाही न बसवता. ती झोपली होती, शिवाय ओवाळल्याशिवाय बसवायचं नाही हेही होतंच. दोन शिकलेली माणसं, दोन आठवडे व्हिडिओ बघून, पाटा-वरवंट्यातला वरवंटा खूश झाला म्हणून गाडी घेऊन घरी आली. वरवंट्यासारखं गुणी बाळ नाही. तो रडत नाही, सरकत नाही, आणि शेळी दिसली म्हणून बाहेर झुकत नाही.

शेळ्या रविवारी सकाळी दिसल्या. आम्ही सगळेच निघालो होतो, पहिली फेरी म्हणून. पट्टे वरवंट्याच्या मापाचे, ते काही मुलीच्या पोटाभोवती पुरेनात आणि सैल कसे करायचे ते कुणाला कळेना. जाऊ दे, हळू नेऊ, असं ठरलं. हँडल माझ्या हातात होतं आणि मी हवेत होते. कोपऱ्यावर धनगराचा कळप आडवा आला. मुलगी आनंदाने ओरडली आणि अख्खी डाव्या बाजूला झुकली. पुढचं फिरणारं चाक फिरलं आणि खणलेल्या चरात उतरलं. गाडी कलली. नवऱ्याने ती वरच्या वर धरली, मुलगी खदखदून हसत होती, तिला वाटलं हाही खेळातलाच भाग. पण तेवढ्यात मी तिला धरायला वाकले होते, आणि वाकलेलीच राहिले.

मला घरी कसं आणलं ते सांगत नाही. चार दिवस मी पलंगावर उताणी होते. गाडी बोळात, तिच्यावर जुनी चादर. आत्यांनी मुलीला कमरेवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं की संपलं, गाडी परत द्या नाहीतर कुणाला देऊन टाका. बाहेरच्या खोलीतून मुलीचं हसणं ऐकू यायचं आणि मी छताकडे बघत दात खायचे. मला आत्यांचा राग येत होता, वरवंट्याचा येत होता, शेळ्यांचाही येत होता. आणि त्याखाली भीती होती. ही एकदा चालायला लागली की तिला उचलायला कुणीच नको असेल, मीही नको. तोवर मी तिच्यासाठी घरातली एक बसून राहणारी बाई असणार.

चौथ्या दिवशी आत्या चहा घेऊन आल्या आणि गाडी कुणाला द्यायची ते बोलू लागल्या. मी चहा बाजूला ठेवला.

“आत्या, ती सगळ्यांकडे हात करते. माझ्याकडे करत नाही. तुम्ही बघितलंय. मला ती उचलता येत नाही, ढकलता येते. ती गाडी मी कुणाला देणार नाही.”

आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. आत्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

“मंग हे आदी सांगायचं की. मला वाटलं, तुला फिराय पायजे.”

एवढंच. उठून गेल्या त्या बोळात, आणि चादर ओढल्याचा आवाज आला. मग खाटखुट, कानडीत काहीतरी, आणि लेकाला हाक. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून पट्टे सैल केले. पुढच्या चाकाला एक खटका असतो, तो दाबला की चाक सरळच राहतं, हे नवऱ्याला एका व्हिडिओत सापडलं. जो त्याने आधी बघितला नव्हता तो नेमका हाच. आणि सीटखालच्या जाळीत आत्यांनी वरवंटा ठेवला. गाडी आडवी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. “आता कलत न्हाय,” म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या चटणीला मिक्सरची चव आहे, आणि त्याबद्दल कुणी बोललेलं त्यांना चालत नाही.

पाठ उठण्याजोगी झाल्यावर एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मी मुलीला घेऊन निघाले. आत्यांनी तिला गाडीत बसवलं, पट्टा दोनदा तपासला आणि आत निघून गेल्या. मुद्दाम. त्यांना मागे उभं राहायचं नव्हतं.

आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, तिथून बेकरीपर्यंत, आणि बेकरीवरून पुढे, उगाच. हातगाडीवाल्याने विचारलंच, बाळाच्या पायाला काय झालंय का? मी म्हटलं, तिचे पाय चांगले आहेत, पाठ माझी गेलीय. गाडी खडखडत होती, मी धुळीने शिंकत होते, आणि मुलगी कुत्र्यांना, स्कूटरना आणि एका भिंतीला हात हलवत होती. मी तिला दिसणारं सगळं नाव घेऊन सांगत होते. इतकं सलग मी तिच्याशी त्याआधी बोललेच नव्हते. मध्येच ती सीटवरून मागे वळली, मान वर करून, ढकलतंय कोण ते बघायला. मी दिसले. ती पुन्हा पुढे बघायला लागली. थोड्या वेळाने परत वळली.

घरापाशी आलो तर आत्या पायरीवर उभ्या होत्या. त्या खाली आल्या, पट्टा सोडला आणि नेहमीसारखे हात पुढे केले. मुलीने त्यांच्याकडे बघितलं. मग वळली आणि दोन्ही हात माझ्याकडे वर केले.

मी तशीच उभी. महिनोन्‌महिने ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि मला ते उचलता येत नव्हतं. हात वरच होते. खालचा ओठ बाहेर यायला लागला होता.

मग मी खाली बसले. तिथेच, रस्त्यावर, धुळीत, मांडी घालून. ऑफिसचा चांगला ड्रेस होता. आत्यांनी मुलीला गाडीतून काढलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि तोंड माझ्या खांद्यात खुपसलं, आणि ती उठेना. मीही उठेना.

मागून एक मोटारसायकल आली, हॉर्न वाजवायला लागली. आत्या कमरेवर हात ठेवून तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

“थांब की जरा,” त्या म्हणाल्या. “दिसत न्हाय, पोर आईकडं आलीया.”